मागच्या मालकाला लावलेला फोन

मी फोन बोलतोय. दचकू नका, पलीकडे कोणी नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवलं, आज माझं स्वतःचं सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला लालबुंद होतो. पनवेलला गुरुदत्त यांच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आलो आणि धुळीने, तेलकट हातांनी माझ्या रंगाचं मातेरं झालं. स्वभावाने मी उतावळा. वाजलो नाही तर मला चैन पडत नाही, आणि वाजूनही कोणी उचललं नाही तर जीव कासावीस होतो.

गुरुदत्तांच्या बस खारघरच्या शाळांतल्या मुलांची ने-आण करायच्या. त्यामुळे ड्रायव्हर घेताना ते भारी चिकित्सक. लायसन्स, बॅज, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, डॉक्टरांनी डोळे तपासल्याचं सर्टिफिकेट, सगळं उलटसुलट बघायचे. पण भरवसा शेवटी माझ्यावर.

"कागद काय, कोणीही आणतं गं," ते पत्नीला, आशालताबाईंना म्हणायचे. "माणूस कसा आहे ते मागचा मालकच सांगणार."

हे ऐकून मी फुगून जायचो.

२००६च्या मे महिन्यात अमजद आला. उरणकडच्या एका यार्डात तो कंटेनरचा ट्रेलर चालवायचा.

"रात्रपाळी नको झालीय साहेब," तो म्हणाला. "शरीफाला, माझ्या बायकोला, दिवस गेलेत. घरात दुसरं कोणी नाही. दिवसाची गाडी मिळाली तर मेहेरबानी होईल."

कागद चोख होते. त्याला बाहेर बसवून गुरुदत्तांनी यार्डाच्या मालकाला फोन लावला.

"अमजद? अहो, नाव काढू नका त्याचं! उशिरा येतो, उलट बोलतो, दोनदा गाडी ठोकलीय. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

गुरुदत्तांचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांची एक बस रस्त्यात आडवी लागल्यामुळे बाहेर हॉर्नचा कल्लोळ उठला आणि ते रिसीव्हर टेबलावर टाकून धावले.

पलीकडच्यानेही रिसीव्हर नीट ठेवला नव्हता. त्याचा आवाज येतच राहिला. "लावली काडी! बघू आता कोण घेतंय. येईल झक मारत परत. असा हात असलेला ड्रायव्हर सोडतात का कोणी?"

मी नुसता तळमळलो. खोलीत चिटपाखरू नाही आणि मला ओरडता येत नाही. इतक्यात आशालताबाई आल्या. मला जागेवर ठेवायला उचललं, आवाज ऐकून कानाला लावलं आणि तिथेच थबकल्या.

"अहो, आधी आत या!"

ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं तसे गुरुदत्त संतापले. "काय माणूस आहे! गरिबाच्या पोटावर पाय देतो." अमजदला त्याच दिवशी बसची चावी मिळाली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढची वर्षं सुखाची गेली. अमजदला मुलगी झाली, नशरा. तिचे पेढे ऑफिसात वाटले. बेलपाड्याच्या वळणावर प्रत्येक मूल आईच्या हाती जाईपर्यंत तो बस हलवत नसे. दर जूनला पालकांचे फोन यायचे, "यंदाही अमजदकाकाच आहेत ना?" हो म्हटलं की निश्चिंत व्हायचे.

नशरा पहिलीत जायच्या वयाची झाली तेव्हा एका मोठ्या शाळेने स्वतःच्या बस घेतल्या. तिथे नोकरी लागली की मुलांना त्याच शाळेत प्रवेश, फीसुद्धा माफ. अमजदने गुरुदत्तांना विचारूनच अर्ज केला.

"कर की बिनधास्त," ते म्हणाले. "नशराचं भलं होईल. माझं नाव दे."

मग शाळेतून आभा मॅडमचा फोन आला. आशालताबाई तेव्हा पुण्याला गेलेल्या.

"अमजद यांची बाकी पडताळणी झालीय. पोलिसांचा दाखलाही आलाय. फक्त तुमचं मत हवं होतं."

मी खुशीत होतो. गुरुदत्तांनी खिडकीबाहेर पाहिलं. अमजद बस धूत होता.

"हॅलो?"

"माणूस तसा चांगला आहे हो," गुरुदत्त म्हणाले. "पण... लहान मुलांचा प्रश्न आहे. मी काय सांगणार? तुमचं तुम्ही बघा."

"काही तक्रार होती का?"

"छे छे. आता सगळंच का तोंडाने बोलायचं? समजून घ्या."

मॅडम समजल्या. मला वाटत होतं, त्यांनी पुन्हा फोन करावा, खोदून विचारावं, आशालताबाईंनी तरी उचलावा. फोन आला नाही. ओला हात शर्टाला पुसत अमजद आत आला.

"साहेब, शाळेतून फोन आला का?"

"नाही रे. अजून तरी नाही."

मी त्यांच्या हाताखालीच होतो, त्यांच्या कानाने अजून गरम.

आठवड्याने तो पुन्हा आला. "दुसऱ्याला घेतलं त्यांनी. नसीब, साहेब! पण तुमच्यासारखा मालक असताना मला काय कमी आहे?"

गुरुदत्त ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिले.

आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत. माझी लाइन कापली आणि मला कपाटावर ठेवलं. अमजद अजून तीच बस चालवतो. तुम्हाला कधी कोणी फोन करून विचारलं, की अमुक माणूस कसा आहे, तर तो तुम्हाला हवाय की नकोय हे क्षणभर बाजूला ठेवा, एवढीच विनवणी.

मला मात्र इथे पडून चैन नाही. अमजद चावी घ्यायला आला की वाटतं, आत्ता वाजावं, आणि त्यानेच उचलावं.