सासऱ्यांना दिवस गेले

हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. जंतुबाबांनी एका गरोदर बाईच्या पोटावर पिवळा रुमाल अंथरला, तीर्थ शिंपडलं आणि गरजले, "जंतूंनो, जागा खाली करा! भाडेकरार संपला!"

रुमालावर लालभडक ठिपके उमटले. "निघाले, निघाले!" गर्दीनं टाळ्या पिटल्या.

पुढचा नंबर लाँड्रीवालीच्या सुनेचा. सातवा महिना, सकाळपासून लघवीला जळजळ आणि अंगात कणकण. सून म्हणत होती, डॉक्टर. सासूबाई म्हणत होत्या, बाबा. सासूबाईंचा आवाज मोठा, म्हणून बाबा.

तिच्याही रुमालावर ठिपके आले. "जंतू गेले. आता गोळ्या घेतल्यास तर बाळाला बाधतील," असं बजावून बाबांनी तीर्थाची बाटली हातात ठेवली.

लाँड्रीत परतल्यावर सून आधी मोरीत पळाली. जळजळ होती तिथेच होती. जंतूंना बहुधा कमी ऐकू येत असावं.

बाहेर आली तर काउंटरवर सासरे, आणि त्यांच्या बनियनवर जेवताना पडलेला हळदीचा डाग. रुमालाचा पिवळा रंग तो हाच! तिनं बाटली उघडून त्यावर तीर्थ शिंपडलं. डाग लाल झाला.

"आई," ती गंभीरपणे म्हणाली, "मामंजींना दिवस गेलेत."

सासरे पोटाकडे बघत म्हणाले, "कितवा गं?"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते पाणी बोटांत चोळलं. बुळबुळीत.

"मेल्यानं धुण्याचा सोडा कालवलाय! सोड्यानं हळद लाल होते, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असते. आणि तिथं हात जोडून उभी राहिले!"

"आई, कपाळ नंतर बडवा. आधी दवाखाना."

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके दमदार होते. "वेळेवर आलात. हे इन्फेक्शन अंगावर काढलं तर मूत्रपिंडापर्यंत चढतं, बाळ वेळेआधी येऊ शकतं. गरोदरपणी चालतील अशाच गोळ्या देतेय. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

सून बरी झाली. मग सासूबाई सोड्याची बादली घेऊन हॉलवर गेल्या आणि हळदीत रंगवलेल्या कफनीतल्या बाबांना त्यांनी आपादमस्तक न्हाऊ घातलं. बाबा लालेलाल.

"जुळं आहे!" मागोमाग आलेले सासरे ओरडले.

हॉल हसून कोसळला. सासूबाईंनी तिथंच सगळ्यांना सोडा-हळद करून दाखवली. लाँड्रीवर आता पाटी आहे: 'डाग आमच्याकडे आणा. ताप आणि जळजळ दवाखान्यात न्या.'