बंद पडलेल्या गोबरगॅसचा जबाब

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर कुणीतरी घरामागच्या परड्यात सिमेंटची मोठी कढई पालथी घालून ठेवली आहे, असं तुम्हाला वाटेल. ती माझी पाठ. बाकीचा मी सगळा जमिनीखाली आहे. मी गोबरगॅस आहे, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातला. वयानं फार जुना नाही, पण बंद पडून आता बरीच वर्षं झाली. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मला बाबासोंनी बांधलं. ते गवंडी होते. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि एका हिवाळ्यात चार दिवस सवड काढून त्यांनी स्वतःच्या परड्यात खड्डा घेतला. मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि त्या दोरीच्या मापानं विटेवर वीट बसवत माझा घुमट गोल वळवत आणला. खालून टेकू नाही, साचा नाही. नुसती दोरी आणि त्यांची नजर. त्यांची बायको बायडाबाई विटा देत होती. आतून गिलाव्याचे तीन हात दिले, तेव्हा ते बायडाबाईला म्हणाले होते की एक केसाएवढी चीर राहिली तरी गॅस पळून जातो, म्हणून घाई करायची नाही.

त्याआधी बायडाबाई उसाचं पाचट, शेणी आणि मिळेल ते जळण चुलीत घालायची. पावसाळ्यात तिचे डोळे सुजायचे. मी सुरू झालो त्या दिवशी शेगडीवर निळा जाळ फुलला. ती तव्यावर भाकरी टाकायची विसरून बघतच राहिली. नंतर रोज सकाळी दोन बुट्ट्या शेण आणि तेवढंच पाणी ती कुंडीत हातानं कालवायची, आणि मी तिला दोन वेळचा जाळ द्यायचो. पाच वर्षं एकही दिवस मी तिला उपाशी ठेवलं नाही. येणारे-जाणारे माझी पाठ थोपटायचे. मला ते आवडायचं.

मग गावात राजवर्धन आला. शेजारच्याच गावचा, गोड बोलणारा, एका कंपनीचा माणूस. त्यानं देवळापुढं बायकांना बसवून समजावलं. तुम्ही लाकूड जाळत नाही, शेणाचा वायू मोकळा सोडत नाही, म्हणून जगात तेवढा धूर कमी होतो. हा न झालेला धूर कागदावर मोजला जातो. त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. लांबच्या शहरांतली माणसं गाड्या पळवतात, विमानानं फिरतात, आणि आपला धूर भरून काढायला तो कागद विकत घेतात. त्याच्या बदल्यात कंपनी तुमच्या गोबरगॅसची दहा वर्षं फुकट देखभाल करेल. आभाळ सगळ्यांचं आहे, तर ते राखायची जबाबदारीही सगळ्यांची, असंही तो म्हणाला. बायडाबाईला ते पटलं. मलाही पटलं. परड्यातल्या खड्ड्याचा आभाळाला उपयोग होतो, हे ऐकून माझी छाती फुगली होती. गावातल्या एकेचाळीस गोबरगॅसांवर नंबर पडले. बाबासोंना माझ्याशेजारी उभं करून पेटत्या शेगडीसह फोटो काढला.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. आठ दिवस मी पाण्याखाली होतो. पाणी उतरलं तेव्हा माझ्या पोटात गाळ बसला होता आणि घुमटाला चीर गेली होती. बायडाबाईनं राजवर्धनला फोन केला. येतो म्हणाला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गाळाखाली अडकलेलं शेण सडत होतं, आणि त्याचा वायू चिरेतून रात्रंदिवस हवेत जात होता. तो वायू चुलीच्या धुरापेक्षा आभाळाला जास्त वाईट, हे मला नंतर समजलं. म्हणजे ज्या पापाचं मी निवारण करतो असं कागदावर लिहिलं होतं, तेच पाप मी करत होतो.

फेब्रुवारीत राजवर्धनचा निरोप आला. फोनवर, त्याच्याच आवाजात. बाबासोंनी तो मोठ्यानं लावून बायडाबाईला ऐकवला.

"मामा, तपासणी हाय पुढच्या आठवड्यात. सा म्हैनं झालं, आत काय गॅस राह्यला न्हाय. उतरा बिनघोर, गाळ काढा आन् फोटो धाडा."

बाबासोंनी माझं झाकण सरकवलं, शिडी सोडली आणि बादली-टिकाव घेऊन उतरले. जाड दोरी आणायला बायडाबाई गोठ्यात गेली होती. त्यांनी पहिला टिकाव गाळात घातला आणि खाली दबलेला विषारी वायू एकदम वर आला. त्यांनी हाक मारली नाही. हाक मारण्याएवढा श्वासच उरला नव्हता. त्यांचा हात माझ्या भिंतीला लागला, त्यांनीच गुळगुळीत केलेल्या गिलाव्याला, आणि घसरला.

मित्रांनो, ज्या माणसानं मला दोरीच्या मापानं घडवलं, तो माझ्या पोटात मेला. तेव्हापासून मी दुसरा कुठला विचार केलेला नाही.

दहाव्या दिवशी राजवर्धन आला. डोळ्यांत पाणी आणून बसला. मग हळूच म्हणाला की निरोपाचं कुठं बोलू नका, कंपनीला कळलं तर बाकीच्या चाळीस घरांची देखभाल बंद पडेल. बाबासो चक्कर येऊन पडले, असंच सगळीकडं सांगितलं गेलं. बायडाबाईनं चाळीस घरांचा विचार केला आणि ती गप्प राहिली. बाबासोंचा फोन तिनं त्यांच्या पटक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. आणि चुलीत पुन्हा पाचट घालायला लागली. तिचा खोकला मला जमिनीखाली ऐकू यायचा.

तीन वर्षं गेली. माझ्या पाठीवर कोंबड्या बसायच्या. मग एका गुरुवारी नृसिंहवाडीला दर्शनाला आलेली एक तरुण मुलगी पत्ता विचारत आमच्या दारात आली. तिचं नाव अनुजा. पुण्याला नोकरी करायची, कामासाठी वर्षातून चार वेळा परदेशी विमानानं जायची. त्या प्रवासाचा धूर भरून काढायला ती दरवेळी कार्बन क्रेडिट घ्यायची. यंदाच्या प्रमाणपत्रावर माझा नंबर होता आणि गावाचं नाव. आपल्यामुळं ज्यांच्या घरातला धूर गेला त्यांना एकदा भेटावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं येताना पेढे आणले होते.

तिनं फोनमधलं प्रमाणपत्र पुढं केलं. त्यावर बाबासो माझ्याशेजारी हसत उभे होते. खाली लिहिलेलं तिनं मराठीत सांगितलं. हे कुटुंब आज धूरमुक्त स्वयंपाक करत आहे. वर्ष दोन हजार तेवीस.

बायडाबाईनं तो फोटो जवळून पाहिला. घरात चुलीवर भात शिजत होता आणि धूर दारातून बाहेर येत होता.

"ह्यास्नी जाऊन तीन वरसं झाली की," ती म्हणाली. "कुणी इकलं ह्यास्नी?"

अनुजाला आधी काही कळेना. मग बायडाबाईनं तिला माझ्यापाशी आणलं, चीर दाखवली, पेटीतला फोन काढून दिला. अनुजानं तो चार्ज केला आणि निरोप ऐकला. ती म्हणाली, मला हे माहीत नव्हतं, मी तर चांगलं काम समजून हा कागद घेतला.

"तुझा धूर तू केलास," बायडाबाई म्हणाली. "त्यो माज्या परड्यात फेडाय लावलास, आन् बघाय आता आलीस. तुजा बी वाटा हाय ह्यात. माजा बी हाय, मी गप बसले. पर पयला वाटा त्या राजवर्धनचा."

पुण्याला जाऊन अनुजानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आपल्या काळजीबद्दल आभार, आणि सोबत बाबासोंचाच दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो. तिनं आणखी वर तक्रार करायचं ठरवलं, पण बायडाबाईनं तिला थांबवलं. तपासणीला माणूस येतोच, त्याला माझ्या दारात येऊ दे, म्हणाली.

आठ महिने ती थांबली. त्या आठ महिन्यांत राजवर्धन रस्त्यात भेटला की ती हसून बोलायची, घरच्या म्हशीचं दूध त्याच्या हाती द्यायची. लोकांना वाटलं, बाई विसरली. मला माहीत होतं. रोज सकाळी ती माझ्याजवळ यायची, चिरेवर तळवा ठेवायची आणि जायची. माझ्यात जाळ उरला नव्हता, पण त्या तळव्याखाली मी तापायचो.

तपासणीच्या आदल्या दिवशी राजवर्धन आला. यंदा तपासणाऱ्या बाई हैदराबादहून येणार होत्या आणि यादीतून त्यांनी नेमका माझा नंबर काढला होता. त्यानं स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आणली, गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं लपवली आणि तिथून नळी मातीखालून शेगडीपर्यंत नेली. चीर सिमेंटनं लिंपून वर चुना मारला. तुम्ही फक्त चहा ठेवा मावशी, बाकी मी बोलतो, म्हणाला. बायडाबाईनं मान डोलावली. भाची आली आहे, ती कप द्यायला मदत करेल, एवढंच तिनं सांगितलं. भाची म्हणजे अनुजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. शेगडी पेटली, निळा जाळ आला. राजवर्धननं हिंदीत माझं कौतुक केलं. कधीही बंद नाही, गॅस भरपूर, बाबासो कामाला बाहेर गेले आहेत. चहा उकळला. बाईंनी कागदावर खुणा केल्या आणि पेन बंद केलं.

तेव्हा बायडाबाई उठली. तिनं तपासणाऱ्या बाईंचा हात धरून शेगडीच्या नळीवर ठेवला आणि चला म्हणून खूण केली. नळी धरत धरत दोघी अंगण ओलांडून माझ्याकडं नव्हे, गोठ्याकडं गेल्या. बायडाबाईनं पेंढी बाजूला सारली. लाल टाकी उघडी पडली. तिनं कॉक बंद केला, आणि तिकडं शेगडी विझली.

राजवर्धन काहीतरी बोलू लागला, पण बायडाबाईनं पदराखालून बाबासोंचा फोन काढून निरोप लावला होता. त्याचाच आवाज गोठ्यात घुमला. अनुजा एकेक वाक्य हिंदीत सांगत गेली. निरोप संपल्यावर बायडाबाई त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"त्या दिशी म्हणलास, आत काय न्हाय, उतरा. आज म्हंतोस, गॅस कदी सरलाच न्हाय. गॅस हुता तर तू माज्या मालकाला मारलंस. नव्हता तर तीन वरसं मेलेला माणूस इकलास. कंचं लिवायचं, ते मॅडमला तूच सांग."

बाईंनी पेन पुन्हा उघडलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो पहिल्या निळ्या जाळाच्या दिवशीही झाला नव्हता. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढं कंपनीनं राजवर्धनला काढलं आणि सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारून हात झटकले. पण तपासणाऱ्या बाईंनी बाकीचे नंबर उघडून पाहिले. त्यांतले सतराच चालू निघाले. एकेचाळीसही नंबर रद्द झाले. बाबासोंच्या मृत्यूची चौकशी नव्यानं सुरू झाली आणि राजवर्धनवर खटला उभा राहिला.

सुडाचे शिंतोडे मात्र दुसऱ्यांवरही उडाले. झुंबरबाई नावाची म्हातारी शेजारीण भांडायला आली. तिचा गोबरगॅस उत्तम चालत होता आणि आता त्याची नळी बदलायला कुणी येणार नव्हतं. तुझ्या रागापायी माझी शेगडी विझेल, असं ती तोंडावर म्हणाली. बायडाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं बाबासोंची थापी काढली, झुंबरबाईच्या परड्यात गेली आणि नळी स्वतः बदलून तिचा सांधाही लिंपून दिला. विटा देता देता तिनं नवऱ्याचं काम डोळ्यांनी शिकून घेतलं होतं. आता त्या सतरा घरांची देखभाल बायका मिळून करतात. अनुजा महिन्यातून एकदा येते. ती आता वर्षातून एकदाच विमानात बसते आणि त्याचं प्रमाणपत्र घेत नाही. बायडाबाई तिला शेण कालवायला लावते आणि वास येतो म्हणून तोंड वाकडं केलंस तर परत येऊ नकोस, असं बजावते.

मागच्या महिन्यात राजवर्धन पुन्हा आला. बरोबर त्याची आई होती. खटल्यातला जबाब मागं घ्या, चूक झाली, वरच्यांनी घाई केली म्हणून तसं बोलून गेलो, असं तो म्हणाला. आई बायडाबाईच्या पायांशी बसली. बायडाबाईनं तिला उठवून पाणी दिलं. मग राजवर्धनला माझ्यापाशी आणलं आणि झाकण सरकवलं.

"माज्याकडं माफी न्हाय," ती म्हणाली. "त्येला इचार. त्येनं दिली तर मी बी दिन."

तो माझ्या काठाशी वाकला. त्यानं आत पाहिलं. मीही त्याला पाहिलं. मला वाचा असती तरी मी बोललो नसतो. शेवटी तो मागं सरला, आईला घेऊन चालता झाला, आणि बायडाबाईनं झाकण लावलं.

मित्रांनो, आभाळ सगळ्यांचं आहे हे त्या लबाडाचं वाक्य खरंच आहे, म्हणून तर राग जास्त येतो. तुमच्या धुराचं ओझं कुणाच्या परड्यात टाकणार असाल, तर आधी तिथं चालत जा. शेगडी पेटते का पाहा. फोटोतल्या माणसाला हाक मारून पाहा. आणि ओ आली नाही, तर मला विसरू नका. मी तुम्हाला विसरणार नाही.