हदबाचे चार पाय

हदबा गाडीत चढली तेव्हा सत्तामला वाटलं, आजची कटकट संपली. मागे एका ट्रकच्या भोंग्याने बिथरून ही घोडी खोगिरासकट खड्ड्यात पडली होती, आणि तेव्हापासून खोगीर दिसलं की लाथा झाडायची. आज मात्र पिकअपला लावलेल्या फळीवरून शहाण्या मुलीसारखी वर गेली. अम्मानजवळच्या एका तबेल्यात रुबा नावाच्या बाई अशाच घोड्यांचा आणि त्यांच्या माणसांचा आठवडाभर वर्ग घेत. दुपारच्या अजानच्या आत घोडं घेऊन पोचायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि हदबाने पुन्हा खोगीर घेतलं नाही, तर ईदनंतर तिला कुवेतच्या एका माणसाला विकायचं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. तिची आई मेली तेव्हा सत्तामनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिच्याशिवायचं अंगण त्याला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

पण घोडी त्याची एकट्याची असती तर ना! हदबाचे दोन पाय सत्तामचे. एक बापाकडून आला, दुसरा त्याने चुलतभावाला पाण्याची टाकी देऊन मिळवला. तिसरा फिद्दा आत्याचा, चौथा हायल काकांचा. असे पाय वाटलेली घोडी भागीदारांना समोरासमोर विचारल्याशिवाय मुलखाबाहेर न्यायची नाही, ही बापजाद्यांपासूनची रीत. फोनवर विचारलं तर तो अपमान. बारभाई कारभार नुसता!

आत्याने दारातूनच हात हलवला. "ने रे बाबा. पण माझ्या पायाला शहरातला नाल ठोकू देऊ नकोस."

"तुझा पाय कुठला, आत्या?"

"डावा मागचा. लाथ मारते तो."

खरं घोडं पेंड खात होतं ते काकांच्या तंबूत. काम घेऊन आलेल्या पाहुण्याने कॉफीचा पहिला कप न पिता खाली ठेवायचा, की यजमानाला त्याचं ऐकावंच लागतं, आणि पाहुण्यानेही कप हातात येईपर्यंत कामाची मागणी करायची नाही. काकांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून ते कप भरतच नव्हते. शेजारचे दोन म्हातारे उशांना टेकून मजा बघत होते, आणि काका कॉफीच्या बिया अशा भाजत होते की जणू एकेकीची ख्यालीखुशाली विचारत आहेत.

"काका, घाईत आहे. घोडी उन्हात उभी आहे."

"मग सावलीत लाव. घाई सैतानाची असते, बेटा." काकांनी विस्तव सारखा केला. "शिकवणार कोण म्हणे? गावभर झालंय तुझं ते."

"रुबा म्हणून एक बाई आहेत."

"बाई! ऐकलंत? आता कोंबडी ससाण्याला उडायला शिकवणार!"

म्हातारे खदखदून हसले.

"मग तुम्ही शिकवा ना," सत्ताम म्हणाला. "दोनदा पाडलंय तिने तुम्हाला."

"पाडलं नाही. मी उतरलो."

तेवढ्यात बिया करपल्या. काकांनी त्या शांतपणे राखेत ओतल्या आणि पिशवीतून नव्या काढल्या. सत्तामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर हदबा गाडीच्या पत्र्यावर लाथा मारत होती, आणि तंबूच्या दोरांच्या सावल्या आखडत चालल्या होत्या. पुन्हा भाजणं झालं. मग खलबत्ता, वेलची, मंद विस्तवावर उकळणं. मग काकांनी मान वर केली.

"आणि फिद्दाने हो म्हटलं, हे मी कशावरून मानू? तिला आण इथे. माझ्यासमोर म्हणू दे."

सत्ताम ताडकन उठला. "ठेवा मग! तुमची कॉफी तुम्हीच प्या! माझे दोन पायही घ्या, दिले तुम्हाला! पण त्या जनावराला जाऊ द्या!"

काकांचा हात किटलीवर थांबला. पाहुण्यांच्या तंबूत, चार कानांसमोर "दिले" म्हटलं की दिलं. ते हसण्यावारी न्यायचं असेल तर फक्त घेणाऱ्यानेच. सत्ताम काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. हसा ना काका. एकदाच हसा.

काका हसले नाहीत. त्यांनी पहिला कप भरला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. "ऐकलंत ना?"

"ऐकलं," म्हातारा खाली बघत म्हणाला.

"घेतले," काका म्हणाले. "आता तीन पाय माझे. फिद्दाचा शब्द मला पुरे. जा, ने तिला. आणि उशीर करू नकोस."

उशीर करू नकोस! सबंध रस्ताभर सत्ताम शिव्या घालत होता. आधी काकांना, मग कॉफीला, मग स्वतःच्या जिभेला. मुलूख मागे पडला तसा त्याला रडू फुटलं. पुढचे ट्रक धूसर दिसायला लागले, तरी त्याने गाडीचा वेग कमी केला नाही.

तो तबेल्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा अजान नुकतीच सुरू झाली होती. "बसतंय वेळेत, बसतंय," म्हणत रुबाबाई पुढे आल्या. त्याने दोर सैल सोडला तरी हदबा त्याच्यामागून मुकाट खाली उतरली आणि त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली.

"काय जीव आहे तिचा तुमच्यावर!" बाई म्हणाल्या. "तुमचीच ना?"

"नाही. तीन पाय काकांचे, एक आत्याचा."

"आणि तुम्ही?"

हदबा खजुरासाठी त्याचा खिसा हुंगत होती.

"मी गाडी चालवत आणली," सत्ताम म्हणाला.