गुडघ्यापर्यंतचा उजेड

"काचेला बोट लावू नकोस!" व्हॅनच्या बंपरखालून फ्यूजकाका ओरडले.

"बाबा, याला काचच नाहीये!" हातातला एलईडी बल्ब नाचवत लेक खिदळली.

काकांनी बंपरखालून मान काढून पाहिलं. तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे हॅलोजन बल्ब बदलले होते, तेही तान्ह्या बाळाला उचलावं तसे, रुमालात धरून. बोटाचं तेल काचेला लागलं की बल्ब तापून फुटतो, हे त्यांनी अर्ध्या गावाला ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि आता हा नवा पाहुणा! नुसता धातूचा ठोकळा, दोन अंगांना पिवळे ठिपके.

"काका, जमेल ना?" शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशींनी विचारलं. "धुक्यात वळणच दिसत नाही हो, आणि मागे अकरा पोरं! नसेल जमत तर हमरस्त्यावरच्या चकाचक दुकानात जाते. राग मानू नका."

राग कसला! काकांना धास्ती होती ती वेगळीच. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून त्याच दुकानात गेली होती. मावशीही गेल्या तर शटर कायमचं खाली ओढायचं, हे त्यांनी सकाळी दात घासता घासता ठरवून टाकलं होतं. घरात कुणाला पत्ताच नव्हता.

त्यांनी बंपरमधल्या धुक्याच्या दिव्यातला जुना बल्ब फिरवून काढला, नवा बसवला, सॉकेट खटकन लावलं. मावशींनी बटण दाबलं. ढिम्म!

"मेला," काका पुटपुटले. "माझ्याच हातात मेला."

"मेला-बिला काही नाही," लेक म्हणाली. "सॉकेट उलटं लावा."

"बल्बला कसलं गं उलटं-सुलटं?"

"हॅलोजनला नसेल, याला प्लस-मायनस लागतं, व्हिडिओत बघितलंय मी. भारी नखरेल आहे तो!"

काकांनी उलटं लावलं आणि भक्कन पिवळा उजेड पडला. लेकीनं तिथेच गिरकी घेतली. दुसरा दिवा तर तिनं स्वतःच बसवला. मावशींनी गिअरला हात घातला.

"थांबा!" काका सरपटत बाहेर आले. समोरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीची खडूची रेघ होती. उजेड ती ओलांडून पार छपरापर्यंत सांडला होता.

"लागलेत ना बाबा, झालं की!"

"नुसते लागून काय उपयोग? वर गेलेला उजेड धुक्यावर आपटून यांच्याच डोळ्यांत येणार."

काका भिंतीकडे बघत राहिले. हॅलोजनची तार चहूकडे उजळते, हे ठिपके मात्र दोनच अंगांना. ते वर-खाली बसले असतील तर? ते पुन्हा खाली शिरले, बल्बभोवतीच्या कड्याचा स्क्रू सैल केला, ठिपके डावी-उजवीकडे येतील असा बल्ब पाव फेरा फिरवला. दुसराही तसाच. भिंतीवरचा उजेड सरसर उतरला आणि रेघेखाली शहाण्यासारखा पसरला.

लेकीनं आ वासला. "हे व्हिडिओत नव्हतं!"

"त्या दुकानात अशी भिंत आहे का हो?" मावशी हसल्या. "उद्या आमच्या दुसऱ्या व्हॅनवाल्यांना पाठवते. किती वाजता उघडता?"

"सातला," काका म्हणाले. मग वर शटरकडे बघून, "रोज सातला."

आणि खात्री करायला म्हणून ते दिव्यांसमोर जाऊन उभे राहिले. मळकी पँट गुडघ्यापर्यंत सोन्यासारखी झळकत होती. वर डोळ्यांत एक तिरीपही जात नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले, पण बाजूला झाले नाहीत. मावशींनीही हॉर्न वाजवला नाही.