रिकाम्या ऐरणीवर दोन टोले

भट्टीत घण मारणाऱ्या त्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. नाव पडलं तेव्हा शोभत होतं. आता पन्नाशी उलटली होती, दंड ओघळले होते आणि जेवण झालं की तो पोत्यांवर असा घोरायचा, की भाता बंद असूनही गिऱ्हाइकाला चालू वाटावा.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून कारण सांगितलं. पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं जे हार्मोन असतं, ते याच्यात फारच कमी झालं होतं. इंजेक्शनं घेऊन बघता येईल, म्हणाल्या.

"आणि राग?" त्याने विचारलं.

"योग्य मात्रेत दिलं तर सहसा तसं काही होत नाही."

त्याचा काही विश्वास बसला नाही. ऐन जोमात त्याने शेजाऱ्याचे दात पाडले होते. एकदा बायकोचा हात असा पिरगाळला, की मनगटाचं हाड कटकन मोडलं. तो आवाज त्याला अजून ऐकू यायचा. पुढे वय झालं तसा तो निवळला, आणि मी स्वतःला बदललं म्हणून चारचौघांत मिरवूही लागला. बदलला कसला! नुसता आटला होता. सुई टोचली की आतलं जनावर उठणार, याची त्याला खात्री होती. पण गेलेला जोरही हवा होता.

"तुमचं तुम्ही ठरवा," बायको म्हणाली. "पण सुई घेतलीत तर मी भावाकडे राहायला जाईन."

हा तिचा धाकटा भाऊच भट्टीचा मालक. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, हातोडीने जागा दाखवायचा, पैलवान तिथे घण घालायचा. हातोडी रिकाम्या ऐरणीवर दोनदा वाजली की थांबायचं. सासऱ्याच्या काळापासून हा नियम कुणी मोडला नव्हता. घरी पैलवानाचा आवाज चढला की बायकोही पातेल्यावर पळी दोनदा वाजवायची. लोहाराची लेक ती.

सुईचं ठरत नव्हतं, त्यातच एके दिवशी पहार ठोकताना घण पुन्हा पुन्हा घसरू लागला. मेहुणा हसला.

"दाजी, राहू द्या आता. तुम्ही भाता सांभाळा. तेवढं तरी जमेल ना?"

दारातली गिऱ्हाइकं खो खो हसली. पैलवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दात-ओठ खात घाव घातला, मग आणखी एक. पहार सांडशीतून उडून जमिनीवर पडली. मेहुण्याने ऐरणीवर दोन टोले दिले. पैलवानाला ते स्वच्छ ऐकू आले. तरी त्याने घण डोक्यावर नेला आणि हातोडी धरलेल्या त्या हातावर घातला.

बोटांचा चेंदामेंदा झाला. रक्त तापल्या पहारेवर पडून चरचरलं. मेहुणा गुरासारखा ओरडत होता आणि पैलवान पुन्हा घण उचलत होता. तिघांनी त्याला मागून आवळून धरलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. "दोन बोटं काढली," एवढंच म्हणाली आणि पिशवीत कपडे भरू लागली.

"मी माझ्यात नव्हतो गं. ती सुई..."

"सुई तर अजून घेतलीच नाहीत तुम्ही."

ती दाराकडे निघाली, तसं त्याने झडप घालून तिचं मनगट धरलं, तेच मोडून जुळलेलं. तो पिरगाळणार, तोच तिने मोकळ्या हाताने दाराजवळच्या मांडणीवरची पळी घेतली आणि रिकाम्या पातेल्यावर दोनदा वाजवली.

त्याची पकड सुटली.

ती मनगट चोळत त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे थांबता येतं तुम्हाला," ती म्हणाली. "तेव्हाही येत होतं."