पिवळं पाणी

माझा धाकटा भाऊ बलभीम हुशार आहे, हीच आमच्या घराची अडचण. कळंबला त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून त्यानं चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडल्या आणि बॅटरी जोडली. पाणी पिवळं झालं.

"आक्का, चांदीचे कण हायत ह्यात. लई ताकद यिती."

"चांदी पांढरी असती. ही पिवळी कशानं?"

"बारीक झाली की उजेडात रंग बदलती."

तेवढं त्याचं बरोबर होतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस पुढचं कुणाला विचारतो?

ते पाणी वर्षभर त्याची पोरगी शिवांजली प्यायली. माझी भाची, सोळा वर्षांची. खो-खोत जिल्ह्याच्या संघात, आता राज्याच्या निवडचाचणीची तयारी. दिवसभर उन्हात. नखं निळसर झाली तेव्हा बलभीमला वाटलं, रक्त कमी पडलंय. त्यानं पेला वाढवला. मग पोरीचा चेहराही राखेच्या रंगाचा झाला.

धाराशिवला डॉक्टरीणबाईंनी तिची बाही वर सारली. बाहीखाली झाकलेला दंड गव्हाळ, उघडा हात राखी.

"काय पाजता हिला?"

बलभीमनं सांगितलं, तेही ऐटीत.

"चांदी कातडीत उतरलीय," त्या म्हणाल्या. "ऊन लागलं की तिचे डोळ्याला न दिसणारे कण होतात. ते उजेड शोषून घेतात, म्हणून हा रंग. जिवाला धोका नाही. पण रंग जाणार नाही, आणि उन्हानं वाढेल."

येताना एसटीत तो खिडकीचा पडदा धरून बसला होता. घरी आल्यावर त्यानं तिचे बूट कपाटात घातले, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मैदान बंद. शिवांजली भांडली, रडली, मग बोलेनाशीच झाली. मला बलभीमचा संताप यायचा आणि त्याची कीवही यायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेंगा वाळत घालायला माळवदावर गेले. तर हा उघडाबंब उन्हात बसलेला, हातात पिवळा पेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"येडा झालास का रं?"

"पिऊ दे आक्का. मी बी तिच्यावानीच व्हईन. पोरगी एकटी पडायला नको."

माझ्या मागोमाग शिवांजली वर आली होती. तिनं पेला हिसकावून ओतून टाकला.

"मला जोडीदार नको, आण्णा. मला बूट पायजेत. तुमी उन्हात बसताव अन् मला अंधारात कोंडताव?"

"आनखी काळी पडशील गं."

"व्हय. पडंन."

बलभीम किल्लीची गाठ सोडायला लागला. घामानं आवळलेली गाठ काही सुटेना. शेवटी शिवांजली खाली बसली आणि आपल्या राखी बोटांनी तिनंच ती सोडवली. तो त्या बोटांकडं बघत राहिला. मला काही तिथं थांबवेना.