अभ्यंगाचा फोटो

"चार दिवस झाले हंसाबेन, समरजित बापासमोर ताटावर बसत नाही. वाढायला घेतलं की म्हणतो भूक नाही, आणि मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन पोळ्या गिळून पळतो. चौतीस वर्षांचा घोडा, पण स्वतःच्या घरात चोरासारखा वावरतो. ह्याला काय म्हणायचं?"

घडियाळी पोळेच्या गल्लीत ऊन ओट्यावरून उतरलं की कमळाबाई तांदळाचं सूप घेऊन बाहेर बसत. शेजारच्या हंसाबेन एरवी अशा बोलण्याला लगेच चार लाकडं घालायच्या. आज मात्र मांडीवरचा घडी घातलेला छापील कागद त्यांनी दोनदा उलटसुलट केला.

"कमळाबेन, एक वात कहुं? खोटुं न लगाडता."

"बोला की. मला वाईट वाटायचं वय गेलं."

"सवारे छापामां आव्युं. आ तो तमारा साहेब छे ने?"

सकाळच्या वर्तमानपत्रातून आलेलं ते जाहिरातीचं पत्रक होतं. अलकापुरीतल्या केसांच्या क्लिनिकचं, जिथं समरजित नोकरीला होता. उजवीकडे समरजित, दाट केस मागे वळवलेले, दात दाखवून हसणारा. डावीकडे एक म्हातारा, डोळे मिटलेले, टक्कल लखलखतंय. हंसाबेननी वरची गुजराती ओळ हळूच वाचून दाखवली, "टाल वारसामां मळी? वारसो बदलो." टक्कल वारशात मिळालं? वारसा बदला.

कमळाबाईंनी चष्मा नाकावर ढकलला. फोटोच्या कडेला दोन बोटं आणि एक हिरवी बांगडी अर्धी कापली गेली होती. नवऱ्याच्या आधी त्यांनी स्वतःचा हात ओळखला.

नरकचतुर्दशीची पहाट होती ती. संपतराव पाटावर बसले होते, त्या त्यांच्या डोक्यावर तेल जिरवत होत्या, आणि समरजित मोबाइल धरून म्हणाला होता, "बाबा, हलू नका. आपल्याच ग्रुपवर टाकतोय."

कमळाबाई शिकल्या तिसरीपर्यंत, पण माणूस पारखायला त्यांचं कधी अक्षरावाचून अडलं नाही. आधी डोकं बघायचं. दवाखान्यात नव्या डॉक्टरनं केसांना रबर लावून शेपटी सोडलेली दिसली, तेव्हा दंडाला गुंडाळलेला पट्टा स्वतःच्या हातानं सोडून त्या उठून आल्या होत्या. "ज्याला स्वतःचे केस आवरत नाहीत, तो माझं ब्लडप्रेशर काय आवरणार," असं त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटना सांगितलं. घराच्या कागदपत्रांसाठी आलेल्या वकिलाच्या कलपाखाली बोटभर पांढरं दिसत होतं. त्याला चहा मिळाला, काम मिळालं नाही.

आणि नवरा मात्र टकला निघाला. संपतराव नंदेसरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. पस्तिशीतच त्यांचं डोकं उजाड झालं. हेल्मेटनं केस खाल्ले, असं कमळाबाई सगळ्यांना सांगत. सासऱ्यांचं डोकंही तसंच होतं, हे सांगत नसत. धाकट्या दिराच्या लग्नाआधी त्यांनीच मंगळ बाजारातून काळी टोपी आणली. "शिलेदाराच्या घरातला माणूस मांडवात बोडका फिरलेला बरा दिसत नाही," म्हणाल्या. संपतरावांनी टोपी घातली, ती कायमची. कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा ती डोक्यावर असे. ते डोकं बघायचा हक्क फक्त घरच्यांना आणि न्हाव्याला होता.

समरजितचे केसही तिशीच्या आत विरळ झाले. दोन मुली चहा पिऊन, नमस्कार करून गेल्या आणि त्यांचा निरोप आला नाही. विमा विकायची नोकरी होती, तिथला साहेब म्हणाला, तुला बघून गिऱ्हाइकाला आपलंच वय आठवतं. मग अलकापुरीतल्या ह्या क्लिनिकनं त्याला घेतलं, मागचे केस उपटून पुढे लावले आणि येणाऱ्यांना समजवायला खुर्ची दिली. तो पहिल्यांदा भांग पाडून घरी आला, त्या दिवशी कमळाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली होती.

त्या पत्रक घेऊन आत आल्या. संपतराव खाटेवर गुडघ्याला मलम चोळत बसले होते. चार दिवस ते पोळेच्या बाहेर गेले नव्हते. गुडघा धरलाय, म्हणत होते.

"अहो, हे बघितलंत?"

त्यांनी कागद हातात न घेताच मान हलवली. "मोठा फलकपण लागलाय, स्टेशनकडे जाताना. दूधवाल्यानं सांगितलं मला. म्हणाला, काका, तुम्ही तर हीरो झालात."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"पोराची नोकरी आहे. तू तोंड उघडू नकोस." मलम पुन्हा बोटावर घेत ते म्हणाले, "सही केली होती मी कागदावर."

"वाचलात?"

"इंग्रजीत होता, बारीक अक्षरात. चष्माही जवळ नव्हता." त्यांनी मलमाचं झाकण लावलं. "समर होता की समोर."

तीस वर्षं हा माणूस गेटवर उभा राहून मालकाच्या पाहुण्यालासुद्धा पास वाचल्याशिवाय आत सोडत नव्हता. त्यापायी दोनदा मेमो खाल्ला होता. कमळाबाई उठल्या. पैठणीच्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसल्या, अंबाडा घट्ट बांधला आणि चौकात रिक्षा थांबवली.

क्लिनिकमध्ये गारवा होता आणि भिंतीभर आरसे. बाकावर चारपाच पुरुष बसले होते, बहुतेकांच्या डोक्यावर क्रिकेटची टोपी. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर अस्मिता अशी पट्टी होती. तिच्या मागे भिंतीवर तेच चित्र, माणसाच्या उंचीचं.

"हे आजोबा कोण?" कमळाबाईंनी विचारलं.

मुलगी मराठीच निघाली. "मॉडेल आहेत, आजी. सुरतहून बोलावले होते. समरसरांच्या चेहऱ्याशी किती जुळतात ना? सरांचे स्वतःचे बाबा नाहीत असे. ते मोठे अधिकारी होते म्हणे, अजून काळेभोर केस आहेत त्यांचे."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. समरजित एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. आईला बघून त्याचं हसू क्षणभर तसंच राहिलं, आणि मग त्यानं ते आणखी रुंद केलं.

"आवो माजी, आवो. अंदर बेसो."

कुणाही म्हातारीला म्हणावं तसं. बाकावरच्या एकानं पाय आखडून माजींना वाट करून दिली.

आत दार लावल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई, इथं का आलीस? फोन करायचा ना."

"तो फोटो उतरव."

"तीन महिन्यांचं ठरलंय. माझ्या हातात नाही. बाबांची सही आहे." त्यानं खरोखरच खणातून कागद काढला. इंग्रजी ओळींखाली संपतरावांची वळणदार मराठी सही होती. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशीच, खाली रेघ ओढलेली.

"तुझे बाबा चार दिवस घराबाहेर पडले नाहीत."

"अगं, कुणाला कळतंय ते माझे बाबा आहेत म्हणून? म्हणून तर मॉडेल सांगितलं. त्यांची इज्जतच राखली मी."

"त्यांची?"

तो टेबलावरच्या पेनची उघडझाप करत राहिला. मग एकदम म्हणाला, "आणि टोपी कुणी आणली त्यांना? मी आणली? माझ्या शाळेत मीटिंग असली की तू एकटी यायचीस. त्यांना म्हणायचीस, तुम्ही राहू द्या, पोरं हसतात. मी दारामागे उभा असायचो, आई. डोकं बघून माणूस ठरवायचं, हे मी कुणाकडून शिकलो?"

 पोळेत कमळाबाईंच्या तोंडाला लागायला माणसं घाबरत, आणि इथं एका गार खोलीत पोटच्या पोरानं त्यांना त्यांचंच बोलणं परत केलं होतं. ते खोटं नव्हतं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"मी बोलतो साहेबांशी," तो म्हणाला. "तू आता रिक्षानं जा. मागच्या दारानं सोडतो, चल."

त्या पुढच्याच दारानं बाहेर आल्या. तो मागोमाग आला, हसू पुन्हा जागेवर लावून. बाकावरच्या माणसांनी माना वर केल्या. कमळाबाई भिंतीवरच्या चित्राजवळ थांबल्या, नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि वळल्या. आवाज चढवला नाही, पण काउंटरपर्यंत स्पष्ट गेला.

"समरजित, टोपी मी आणली, खरं आहे. मला लाज वाटायची, म्हणून मी त्यांना झाकलं. ते पाप माझं, आणि आज घरी जाऊन मी त्यांची माफी मागणार आहे. पण तुझ्या बापानं जन्मात एकाच कागदावर न वाचता सही केली, तो तुझा. आणि तू त्यांना सुरतचं भाड्याचं माणूस केलंस, मला माजी केलंस. आता संध्याकाळी घरी येशील तेव्हा किल्ली लावू नकोस. बेल दाब, बाहेर उभा राहा आणि कोण आलंय ते नाव घेऊन सांग. त्यांनी ओळखलं तर दार उघडतील."